कुणाचीच बाजू न घेणारे घरमालक

कुत्र्यांच्या भांडणातसुद्धा बाजू न घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे आयर्लंडमधल्या नावन गावचे घरमालक. समोरच्या घरातलं पांढरं झिपरं कुत्रं आणि कोपऱ्यावरचं काळं दांडगं कुत्रं भर रस्त्यात एकमेकांवर तुटून पडलेली, दोघांच्या मालकिणी आपापल्या दारातून ओरडतायत, आणि पंच्याहत्तरी पार केलेले हे गृहस्थ शांतपणे घरात गेले, डोक्यावर एक निळी गोल टोपी तिरकी चढवून बाहेर आले आणि दोन्ही कुत्र्यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. हातात काठी नाही, तोंडाने हाड नाही. नुसते उभे. कुत्री जरा वेळ त्यांच्याभोवती गुरगुरली आणि कंटाळून घरी गेली. मग मालकिणींनी विचारलं, सुरुवात कुणाच्या कुत्र्याने केली? तर म्हणाले, माझं काम मध्ये उभं राहायचं, ते झालं. आणि टोपी काढून आत गेले.

मी हे सगळं वरच्या खिडकीतून पाहत होते. तेव्हा दुसरं काही पाहायला नव्हतंच. आमचे हे जाऊन वर्ष होत आलं होतं, घर खायला उठत होतं, म्हणून लेकीने तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. फेब्रुवारीत गेले आणि मार्चात सगळं जगच बंद झालं. तीन महिन्यांची पावणेदोन वर्षं झाली. व्हिसा तिथल्या सरकारने आपसूक वाढवून दिला. लेक लिमरिकला शिकायला म्हणून गेलेली, मग डब्लिनला नोकरी लागली, आणि डब्लिनमध्ये राहणं परवडेना म्हणून नावनला भाड्याने घर घेतलं. जोडघर होतं. एका भिंतीच्या अलीकडे आम्ही दोघी, पलीकडे घरमालक एकटे. मध्ये कमरेएवढं झुडपांचं कुंपण.

माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं पेपर वाचून आणि ह्यांच्या पत्रांना उत्तरं लिहून आलं. हे फौजेत होते, बावीस वर्षं, सिग्नलच्या तुकडीत. त्यामुळे माझं इंग्रजी म्हणजे फौजी फॉर्म आणि पाकिटावरचा पत्ता एवढंच. घरमालकांचं इंग्रजी त्यांच्या मीथ जिल्ह्याचं, निम्मे शब्द घशातच राहणारं. त्यामुळे आम्हा दोघांची पातळी एकच होती. लेक कामावरून मोकळी असली की मध्ये दुभाषी म्हणून उभी राहायची, नसली तर आम्ही हातवारे करून भागवायचो. ते मला मिसेस म्हणत. मी त्यांना काहीच म्हणत नसे, "अहो" म्हणायचे. त्यांना वाटायचं तो मान देण्याचा शब्द आहे, आणि तसा तो आहेच.

त्यांचा पेपर ते वाचून झाल्यावर मला द्यायचे. पण कसा? आजाराची साथ, म्हणून पेपर तीन दिवस मागच्या शेडमध्ये ठेवायचे, चौथ्या दिवशी चिमट्याने उचलून कुंपणावर ठेवायचे आणि दोन पावलं मागे सरायचे. मला जग तीन दिवस शिळं मिळत होतं. शब्द अडला की मी त्यावर पेन्सिलने खूण करायची आणि संध्याकाळी कुंपणापाशी विचारायची. असं मी त्या पेपरातून इंग्रजी शिकले. ज्या बाईला "बिन" आणि "बीन्स" धड सांगता येत नव्हतं, तिला वर्षभरात "सिक्युरिटी कौन्सिल" म्हणता यायला लागलं. लेक हसायची. म्हणायची, आई, दुकानात जाऊन दूध आणायला तुला जमत नाही आणि तू जगाचं राजकारण बोलतेस.

ती निळी टोपी संयुक्त राष्ट्रांची. घरमालक आयर्लंडच्या फौजेत सार्जंट होते आणि तीन वेळा लेबनॉनला जाऊन आले होते. तिथे लढायचं नव्हतं. दोन बाजू भांडत होत्या, त्यांच्यामध्ये एका नाक्यावर उभं राहायचं, येणारी-जाणारी गाडी बघायची आणि लिहून ठेवायचं. लहान देश, कुणाशी वैर नाही, म्हणून त्यांच्या पोरांना मध्ये उभं करायला सगळे तयार. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर जगाचा नकाशा होता. साथीमुळे मी आत कधी गेले नाही, खिडकीतूनच पाहिला. जिथे जिथे आयर्लंडचे जवान असे मध्ये उभे राहिले, तिथे टाचणी टोचलेली. लेबनॉन, सायप्रस, काँगो, आणखी कुठे कुठे. मी विचारलं, लढून जिंकलेले देश कुठे आहेत? ते म्हणाले, ती टाचणी आम्ही विकतच घेतली नाही.

आता फौजीच्या बायकोला हे पटायचं नाही. मी लेकीला म्हटलं, हे कसलं सैन्य, नुसतं उभं राहायचं. लेकीने ते त्यांना जसंच्या तसं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांना राग नाही आला. म्हणाले, मिसेस, तुमचे साहेब एका बाजूला बंदूक घेऊन उभे होते, त्यांना एकाच बाजूची गोळी लागली असती. मला दोन्ही बाजूंची लागू शकत होती.

मी चहा द्यायची त्यांना, कुंपणावर ठेवून. आपला चहा, आलं-साखर घालून, काचेच्या पेल्यात. पहिला घोट घेऊन पेला उजेडात धरला. मग म्हणाले, नाक्याजवळच्या गावात एक बाई असा पेल्यातून चहा द्यायची, इतकाच गोड. दोन्ही बाजूंच्या माणसांना द्यायची. खरी तटस्थ तीच होती, आम्ही फक्त टोपी घातली होती.

त्यांचं असं एकेक वाक्य असायचं. बोलून टाकायचे आणि कुंपण छाटायला लागायचे. एकदा मी विचारलं, तुमच्या देशाने कधी कुणावर चाल केली नाही? म्हणाले, आम्ही कुणाच्या वाटेला गेलो नाही, कारण आमच्या वाटेला सगळे येऊन गेले होते. आणखी एकदा इंग्लंड युरोपातून बाहेर पडल्याचं पेपरात आलं होतं, त्यावरून बोलता बोलता म्हणाले, मी पोरगा होतो तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं की आम्ही इंग्रज नाही. आम्ही कोण, हे ठरवायला कुणाला सवडच झाली नाही. आता तुम्ही लोक आलात, आता ठरवावं लागणार.

तुम्ही लोक म्हणजे आमची अख्खी कॉलनी. पोलंडचे, ब्राझीलचे, नायजेरियाचे, केरळच्या नर्सबाया, आणि आम्ही. त्यांच्या लहानपणी म्हणे चर्चमध्ये एक अनोळखी चेहरा दिसला तर रविवारपर्यंत गावभर चर्चा. आता त्यांच्या वहीत प्रत्येक घराच्या भाषेतला "धन्यवाद" लिहिलेला होता, उच्चार आयरिश. मी सांगितलं, आम्ही घरच्या माणसाला धन्यवाद म्हणत नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं: इंडिया, म्हणत नाहीत.

एकवीस सालचा जानेवारी उजाडला त्या दिवशी सकाळीच घंटी. दार उघडलं तर घरमालक फाटकापाशी, कोट, टाय, छातीवर पदकं. मला वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं. तर म्हणाले, मिसेस, आजपासून तुमचा देश आणि आमचा देश एकाच टेबलावर. सुरक्षा परिषदेत दोघांची एकाच दिवशी दोन वर्षांसाठी निवड झालेली. मला पेपर तीन दिवसांनी मिळणार, म्हणून स्वतः सांगायला आले होते. सव्वाशे कोटींच्या वर आपण आणि पन्नास लाखांच्या आसपास ते, आणि खुर्ची सारखीच, याचा त्यांना इतका आनंद की हसू लपेना. पुढे वर्षभर तिथे काय मतदान झालं ते मला कुंपणावरून कळायचं. आज आपले हात एकदम वर होते. आज तुमच्यांनी हात खालीच ठेवला. हात खाली ठेवला की त्यांना वाईट नाही वाटायचं, उलट जरा आदरच वाटायचा.

हे सगळं मी गमतीने सांगतेय, पण त्याच वर्षी त्यांच्या त्या तटस्थपणाशी माझी गाठ पडली.

घरमालक पीस कमिशनर होते. तिथे काही भल्या माणसांना सरकार असा मान देतं. पगार नाही, कचेरी नाही. लोकांच्या शपथेच्या कागदांवर साक्षीदार म्हणून सही करायची, एवढंच काम. साथीच्या आधी परदेशी माणसाला तिथलं नागरिक व्हायचं तर मोठ्या सभागृहात समारंभ असायचा, न्यायाधीश यायचे, फौजेचा बँड वाजायचा, हजारो माणसं एकदम शपथ घ्यायची. साथीत ते बंद झालं. घरी कागद यायचा, तो साक्षीदारासमोर सही करून टपालाने पाठवायचा, झालात तुम्ही आयरिश. घरमालकांना हे अजिबात मान्य नव्हतं. म्हणायचे, देश बदलणं म्हणजे वीजबिलावर सही करणं नव्हे.

म्हणून त्यांनी आपला समारंभ काढला. सहीला येणाऱ्याने फाटकाबाहेर उभं राहायचं, ताठ, मास्क खाली करून, आणि कागदावरची शपथ पूर्ण नावासकट मोठ्याने वाचायची. आजूबाजूच्या घरांना ऐकू गेली पाहिजे. ते आत फरशीवर, निळी टोपी घालून. वाचन झालं की जुन्या टेपरेकॉर्डरवर फौजेच्या बँडची कॅसेट लावायची आणि शेजारीपाजाऱ्यांनी दारात येऊन टाळ्या वाजवायच्या. कायद्यात यातलं काही नव्हतं. पण कोपऱ्यावरच्या नायजेरियन टॅक्सीवाल्याने अशी शपथ घेतली तेव्हा त्याची बायको रडली, मी टाळ्या वाजवल्या, आणि कुत्रीसुद्धा गप्प होती.

दुसऱ्याच्या घरी टाळ्या वाजवणं सोपं असतं. वसंतात तसाच कागद आमच्या घरी आला.

लेकीने अर्ज कधीच केला होता, मला सांगितलं नव्हतं. आपल्या सरकारला दोन देशांचं नागरिक चालत नाही. तिकडचं झालं की इकडचा पासपोर्ट परत करायचा. मी म्हटलं, तुझ्या बापाने बावीस वर्षं कशासाठी घालवली? ती म्हणाली, आई, मी इथे नऊ वर्षं राहतेय, कर भरतेय, मला मत नको का कशात? आणि सीमा बंद झाल्या तेव्हा मला रोज भीती वाटायची, तुला घेऊन घरी गेले तर परत येऊ देतील की नाही. ती काही चुकीचं बोलत नव्हती. तेच तर वाईट होतं. मी तिचा पासपोर्ट काढून शेवटचं पान उघडलं. आपल्यात त्या पानावर बापाचं नाव छापलेलं असतं. मी म्हटलं, त्यांच्या पासपोर्टात हे पान असतं का? तिने मान हलवली. नसतं. त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही. एका घरात दोघीच, आणि "भात घे", "भांडी मी घासते" एवढंच बोलणं.

मग मी वाईट काम केलं. लेक मीटिंगमध्ये आहे असं बघून कुंपणापाशी गेले आणि घरमालकांना म्हटलं, तुम्ही सही करू नका. त्यांनी कात्री थांबवली. म्हणाले, मिसेस, मी कुणाचीच बाजू घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. तिची नाही, तुमची नाही. मी म्हटलं, तुम्ही एकुलत्या एक लेकीच्या आईला असं सांगताय. त्यांनी पुन्हा कात्री चालवायला घेतली. कुंपणाचा तो भाग त्या दिवशी फार खोल छाटला गेला.

शनिवारी लेक कागद घेऊन त्यांच्या फाटकाशी उभी राहिली. मी खिडकीत. तिने वाचायला सुरुवात केली, नाव आणि आडनाव. त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, कागदावर तीन नावं आहेत, तिन्ही वाच. आपल्यात मधलं नाव बापाचं. तिकडे तिला सगळे अर्ध्या नावाने हाक मारायचे, मधलं नाव तिने नऊ वर्षांत मोठ्याने घेतलंच नव्हतं. तिने पुन्हा सुरुवात केली. आपलं नाव म्हटलं, आणि पुढे आवाजच फुटेना. तोंड उघडं, कागद हातात. समोरच्या बाया टाळ्या वाजवायला दारात येऊन उभ्या, आणि पोर नुसती उभी. घरमालकांनी टोपी काढली. आज नको, म्हणाले. ज्या दिवशी म्हणता येईल त्या दिवशी ये.

ती घरात आली आणि थेट वर गेली. मला हवं होतं ते झालं होतं. गावात वकील पुष्कळ होते, दुसऱ्या दिवशी कुणाकडूनही सही आणता आली असती. तिने आणली नाही. आठवडा गेला. ती कामाला बसायची तेव्हा तो कागद लॅपटॉपच्या शेजारी, पालथा. मी चहा ठेवायला जायची आणि त्या पालथ्या कागदाकडे बघून परत यायची.

त्या आठवड्यात एका दुपारी घरमालकांनी कुंपणावर पेपर ठेवला आणि मागे सरले नाहीत. मला थांबायची खूण केली. मग हळूहळू, मला कळेल असं एकेक वाक्य बोलले. त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात होती, हे मला माहीत होतं. ती तिथली नागरिक होणार होती तेव्हा तिने फोन करून विचारलं होतं, डॅड, तुम्हाला काय वाटतं?

"मी म्हटलं, तुझा निर्णय, मी मध्ये पडणार नाही. मला वाटलं मी मोठ्या मनाचा बाप आहे. तिला वाटलं मी दार लावून घेतलं. आता नाताळला फोन येतो, मिसेस. हवापाण्याचं बोलतो आम्ही."

मी विचारलं, मग तुम्ही पुन्हा फोन करून सांगितलं का नाही?

"नाक्यावर कसं असतं, तिथे मध्ये उभं राहिलं तरी दोन्ही बाजूंना मी दिसायचो. घरात मी नुसताच दिसेनासा झालो." मग म्हणाले, "तुम्ही नाही म्हणा, हो म्हणा. पण काहीतरी म्हणा तिला."

त्यांनी बाजू घेतली नाही, हे खरंच. पण इतकं बोलून ते कुंपण न छाटताच आत गेले.

मी वर गेले. लेक स्क्रीनकडे बघत होती. मी म्हटलं, वाच तो कागद, मला मराठीत सांग. तिने एकेक शब्द सांगितला. एक शब्द होता, त्याला तिने "निष्ठा" म्हटलं. मी म्हटलं, इमान. फौजीच्या घरी इमान म्हणतात. ती म्हणाली, आई, इमान दोन ठिकाणी ठेवता येतं का गं?  मी म्हटलं, लग्न होऊन तुझ्या बापाच्या घरी आले तेव्हा माझ्या आईचं घर मी सोडलं होतं का? आणि हे बोलताना मलाच जाणवलं की ते खरं आहे. तोवर जाणवलं नव्हतं. मी म्हटलं, जा. मी येते बरोबर.

रविवारी दोघी फाटकापाशी गेलो. घरमालक टोपी घालून उभे. ते सही करण्यापुरते तिथे आहेत, असा चेहरा. पण टेपरेकॉर्डर आधीच बाहेर आणून ठेवलेला.

लेक ताठ उभी राहिली. आपलं नाव घेतलं. आणि पुन्हा तिथेच थांबली. तोंडाशी आलेलं बापाचं नाव तिच्याने म्हणवेना. तिने माझ्याकडे पाहिलं.

आता माझं सांगते. आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात, हळदीकुंकवाला उखाण्यात गुंफून घेतलं तेवढंच. रेशनच्या रांगेत कारकुनाने विचारलं तर मी शेजारणीकडे बघायची, ती सांगायची. पेन्शनच्या बँकेत कागद पुढे सरकवायची. चाळीस वर्षांच्या संसारात, आणि हे गेल्यावरही, मी ते नाव साधं, नुसतं नाव म्हणून तोंडातून काढलेलं नव्हतं.

नावनच्या त्या फाटकाबाहेर मी ते मोठ्याने घेतलं. समोरच्या बायांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

लेकीचे डोळे एवढे मोठे झाले. घरमालकांनी कान पुढे केला, आणि साक्षीदाराला नीट समजलं पाहिजे म्हणून त्यांनी ते नाव उच्चारून पाहिलं. इतकं वाकडं की ह्यांनी ऐकलं असतं तर स्वतःसुद्धा वळून बघितलं नसतं. मी म्हटलं, नाही, तसं नाही. आणि दुसऱ्यांदा घेतलं, तोडून तोडून, पोराला शिकवावं तसं. त्यांनी पुन्हा चुकवलं. मी तिसऱ्यांदा घेतलं. तेव्हा लेकीला हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी वाहत असताना हसू, आणि त्या हसण्यातच तिने आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव एका दमात म्हटलं आणि पुढची सगळी शपथ शेवटापर्यंत वाचून टाकली.